रिपोर्ट यायच्या आधीच गोळ्या का?

रात्री साडेनऊला मैत्रिणीने औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "एक इंजेक्शन दिलंय, वर दोन प्रकारच्या गोळ्या चौदा दिवस. रिपोर्ट अजून आलेच नाहीत. घेऊ की थांबू?" चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात निदान म्हणून तीन अक्षरं होती, पीआयडी, आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह. तिला सलत होतं ते हे प्रश्नचिन्ह. डॉक्टरांचीच खात्री नाही, तर मी चौदा दिवस गोळ्या का गिळायच्या?

शंका अगदी रास्त. एरवी आपणच एकमेकींना सांगतो की तपासणीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नकोस. या आजारात मात्र रिपोर्टची वाट बघत बसणं महागात पडतं. का, ते कळायचं तर आधी हा आजार शरीरात कुठे जाऊन बसतो ते बघायला हवं.

"पिशवीला सूज" म्हणजे नेमकं काय

पीआयडी म्हणजे पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज. गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका, अंडाशय आणि त्यांच्या आसपासचं पोटाचं अस्तर, यांपैकी कुठेही किंवा सगळीकडे जंतुसंसर्ग झाला की त्याला हे नाव देतात. दवाखान्यात बहुतेक वेळा "पिशवीला सूज आहे" एवढंच सांगितलं जातं. शब्द सोयीचा आहे, पण मला तो आवडत नाही. सोनोग्राफीत गर्भाशय जरा मोठं दिसलं, आत फायब्रॉइडची गाठ असली, पाळीआधी ओटीपोट जड वाटलं, तरी सगळ्यालाच "सूज" म्हणतात. संसर्ग आहे का नाही, हे त्यातून कळतच नाही. शिवाय खरं नुकसान पिशवीत होत नाही, ते नळ्यांमध्ये होतं, आणि नळ्यांचं नाव तर त्या शब्दात कुठेच नाही. तेव्हा कुणी "सूज" म्हटलं की लगेच विचारावं, "संसर्ग आहे का, आणि कुठे?"

आता या जागेची रचना बघू. खाली योनीमार्ग. त्याच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड, त्याच्या वर गर्भाशय. गर्भाशयाच्या दोन खांद्यांतून दोन नळ्या निघतात आणि अंडाशयांजवळ जाऊन मोकळ्या उघडतात. हे "मोकळ्या उघडतात" फार महत्त्वाचं आहे. नळीचं टोक अंडाशयाला जोडलेलं नसतं, ते झालरीसारखं पोटाच्या पोकळीत सुटं असतं. म्हणजे बाईच्या शरीरात बाहेरच्या जगापासून थेट पोटाच्या पोकळीपर्यंत एक अखंड वाट असते. पुरुषाच्या शरीरात अशी वाट नाही. बीज उचलायला आणि मूल जन्माला घालायला ती लागते, पण जंतूंनाही तीच वाट मिळते.

अर्थात वाटेवर पहारा असतो. योनीमार्गात निरोगी अवस्थेतही जंतू असतातच. तिथे बहुतेक वस्ती लॅक्टोबॅसिलस नावाच्या उपकारक जंतूंची असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आंबट ठेवतात. त्या आंबटपणात उपद्रवी जंतू फार वाढू शकत नाहीत. पुढची चौकी गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथे घट्ट चिकट स्रावाचं बूच असतं. महिन्यातले बरेच दिवस ते वाट अडवून धरतं. बीज सुटायच्या सुमारास ते पातळ होतं आणि पाळीत रक्ताबरोबर वाहून जातं. पाळीत थोडं रक्त उलट्या दिशेने नळ्यांतही चढतं, आणि खाली जंतू तयारीत असले तर त्यांनाही वर न्यायला तेवढा ओघ पुरतो. ओटीपोटाचं दुखणं पाळीत किंवा पाळीनंतरच्या आठवड्यात सुरू झालं असं पुष्कळ बायका सांगतात, त्यामागे हेच कारण असतं.

जंतू कोण आणि दोष कुणाचा

सर्वांत बदनाम दोघे म्हणजे गोनोरिया आणि क्लॅमिडिया. दोन्ही शरीरसंबंधातून पसरतात. पण पीआयडीच्या रुग्णांची तपासणी केली तर निम्म्याहून कमी जणींत हे दोघे सापडतात. बाकीच्यांत मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम असतो, किंवा योनीमार्गातलं जंतूंचं संतुलन बिघडून बळावलेले, ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू असतात, किंवा आतड्यांत राहणारा ई. कोलाय असतो. बहुतेक वेळा एकाच वेळी बरेच जण असतात. बाळंतपण, गर्भपात किंवा गर्भाशयाच्या आत उपकरण घालून केलेली एखादी प्रक्रिया यानंतरही संसर्ग वर चढू शकतो. क्षयाचे जंतूही नळ्यांत घर करतात. ते खालून येत नाहीत, रक्तावाटे येतात, महिनोन्‌महिने गुपचूप बसतात, आणि त्यांचा उपचारही निराळा, कित्येक महिन्यांचा असतो.

इथे थोडं थांबते, कारण या निदानाने घराघरांत भांडणं होतात. "म्हणजे तू कुठे गेली होतीस?" किंवा "तुम्ही कुठे गेला होतात?" पीआयडी हे निदान बाहेरख्यालीपणाचा दाखला नाही. एक तर निम्म्याहून जास्त वेळा ते दोन बदनाम जंतू सापडतच नाहीत. आणि क्लॅमिडिया सापडला तरी तो कधी आला हे सांगता येत नाही. तो महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त काळ, काहीही त्रास न देता शरीरात राहू शकतो, स्त्रीच्याही आणि पुरुषाच्याही. लग्नाआधीचं, जुन्या नात्यातलं काही आता उघड होत असेल. आरोपी शोधायला हा पुरावा कामाचा नाही. उपचार दोघांचे करायला मात्र पुरेसा आहे.

ओरडत नाही म्हणून भीती

गोनोरियाचा संसर्ग बऱ्याचदा गाजावाजा करत येतो. ताप, पू, तीव्र कळा. बाई त्याच दिवशी दवाखाना गाठते. क्लॅमिडियाचा स्वभाव वेगळा. तो पेशींच्या आत शिरून राहतो आणि नुकसान मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हातून घडवतो. शरीर त्याला मारायला जातं आणि त्या झटापटीत नळीच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. ही झटापट मंद आचेवर चालू असते. वरून फार काही जाणवत नाही. पुढे मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, तेव्हा कळतं की नळ्या बंद आहेत, आणि ती बाई म्हणते, "पण मला तर कधीच काही झालं नव्हतं." ती खोटं बोलत नसते.

नळी लांबीला साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते, आणि जिथे ती गर्भाशयाला मिळते तिथे आतली वाट एक मिलिमीटरहूनही अरुंद. आत नाजूक घड्यांचं अस्तर, त्यावर डोळ्याला न दिसणारी केसाळ लव. ही लव सतत एका दिशेने हलत असते, आणि तिच्या हलण्याने बीज गर्भाशयाकडे सरकतं. संसर्गात ही लव झडते, घड्या एकमेकींना चिकटतात. टोक पूर्ण बंद झालं तर आत पाणी साठून नळी फुगते. अर्धवट खराब झाली तर आणखी मोठा धोका असतो. शुक्राणू आत पोचतात, गर्भ धरतो, पण पुढे सरकत नाही. तो नळीतच रुजतो. ही नळीतली गर्भधारणा. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेततं.

मग लक्ष कशाकडे द्यायचं? ओटीपोटात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, खोल ठसठस. चालत्या गाडीला धक्का बसला किंवा जिना उतरताना पाय जरा जोरात पडला की कळ येणं. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्ताचे डाग. अंगावरून जाणं नेहमीपेक्षा वाढणं, त्याला पिवळट-हिरवट रंग किंवा दुर्गंधी येणं. लघवीला जळजळ. ताप असेलच असं नाही. यातल्या कुठल्याही एका गोष्टीला दुसरी दहा कारणं असू शकतात. पण ओटीपोटाच्या नव्या दुखण्याला यातल्या एखाद्या गोष्टीची जोड असेल, तर "पाळीचं असेल" म्हणून पुढच्या पाळीपर्यंत थांबू नये.

एक लक्षण भलत्याच ठिकाणी उमटतं. उजव्या बरगड्यांखाली टोचल्यासारखं दुखतं, श्वास घेतला की वाढतं, कधी कळ उजव्या खांद्यात जाते. बाई पित्ताशयाचा त्रास समजून वेगळ्याच डॉक्टरकडे जाते. नळ्यांतून सुटलेला संसर्ग यकृताच्या आवरणापर्यंत पोचला की हे होतं. तिथे यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये तारांसारखे चिकट धागे तयार होतात. शस्त्रक्रिया करताना ते पाहणाऱ्यांनी त्यांना व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली. १९३०च्या दशकात कर्टिस आणि फिट्झ-ह्यू या दोन अमेरिकी डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं, म्हणून त्याला फिट्झ-ह्यू–कर्टिस सिंड्रोम म्हणतात.

आणि पांढरं जाण्याबद्दल. रंगहीन किंवा दुधाळ, फारसा वास नसलेला, महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमीजास्त होणारा स्राव हा आजार नाही. तो त्या आंबट पहारेकऱ्यांच्या कामाचा भाग आहे. "पांढरं जातं म्हणून अंगातली ताकद जाते" हे ऐकून ऐकून बायका वर्षानुवर्षं टॉनिकं घेत राहतात, आणि खरा बदल होतो तेव्हा तो त्याच सवयीत बुडून जातो. आपल्याला नेहमी कसं जातं हे माहीत असणं हीच इथली पहिली तपासणी.

टेबलावर काय होतं

पहिली चाचणी गरोदरपणाची. बाई "शक्यच नाही" म्हणाली तरी करतात, आणि तेच बरोबर आहे. ओटीपोटात दुखतंय आणि गर्भ नळीत रुजलेला आहे, हे निसटलं तर काही तासांत प्रसंग गंभीर होतो. अपेंडिक्स, अंडाशयाला पडलेला पीळ, फुटलेली गाठ, मूत्रमार्गाचा संसर्ग हेही डॉक्टर मनात धरून असतात.

मग आतली तपासणी. हिच्या धास्तीनेच कित्येक जणी दवाखाना टाळतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. आधी स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने योनीमार्ग थोडा उघडून गर्भाशयाचं तोंड पाहतात. तिथून पूसारखा स्राव येतोय का, हात लागला की रक्त येतंय का, हे बघतात आणि कापसाच्या काडीने नमुना घेतात. ही काडी म्हणजेच स्वॅब. मग हातमोजा घातलेल्या हाताची दोन बोटं आत आणि दुसरा हात वरून ओटीपोटावर. दोन हातांमध्ये गर्भाशय आणि नळ्यांची जागा चाचपतात. शेवटी गर्भाशयाचं तोंड हलकेच एका बाजूला सरकवतात, मग दुसऱ्या. एरवी यात अवघडल्यासारखं होतं, क्वचित दाब जाणवतो. संसर्ग असेल तर कळ अशी येते की बाई आपोआप वर सरकते. या खुणेला इंग्रजी वैद्यकात झुंबराची खूण म्हणतात. वेदनेने रुग्ण छताच्या झुंबराला हात घालेल, असा तो विनोद. विनोद डॉक्टरांचा, कळ बाईची. असो.

ही सगळी तपासणी दोन-चार मिनिटांत उरकते. सोबत बाई असू द्या म्हणण्याचा, मध्येच थांबा म्हणण्याचा हक्क असतो. कधी संबंध आलेला नसेल तर ते आधीच सांगावं. मग डॉक्टर वेगळा मार्ग निवडतात.

आता ते प्रश्नचिन्ह. लैंगिक संबंध असलेल्या तरुण स्त्रीच्या ओटीपोटात दुखतंय, दुसरं स्पष्ट कारण दिसत नाही, आणि गर्भाशय, नळ्यांची जागा किंवा गर्भाशयाचं तोंड यांपैकी एका ठिकाणी जरी हात लावल्यावर दुखलं, तरी उपचार सुरू करावेत असं सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. या आजाराचं छातीठोक निदान करणारी एकही साधी चाचणी नाही. सोनोग्राफीत पू साठलेला किंवा नळी फुगलेली दिसली तर निदान पक्कं होतं, पण सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. सुजलेलं अस्तर तिथे दिसतच नाही. स्वॅब खालून घेतलेला असतो, संसर्ग वर असतो. दुर्बिणीतून पोटात पाहिलं तर नळ्या समोर दिसतात, पण दुखणाऱ्या प्रत्येकीला भूल देऊन दुर्बीण घालायची का?

म्हणून डॉक्टर दोन चुका तोलतात. संसर्ग नसताना औषध दिलं तर चौदा दिवसांच्या गोळ्या आणि त्यांचा त्रास फुकट. संसर्ग असताना रिपोर्टसाठी थांबलं तर नळी. पहिली चूक सुधारता येते.

थांबण्याची किंमत किती, याचा एक जुना आणि भरवशाचा हिशेब स्वीडनमधल्या लुंड शहरातला आहे. लार्स वेस्त्रोम यांनी १९६० ते १९८४ या काळात दुर्बिणीने तपासलेल्या स्त्रियांचा पाठपुरावा केला आणि १९९२मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात निदान पक्कं झालेल्या १,८४४ स्त्रिया होत्या. एकदा संसर्ग होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के जणींना नळ्यांच्या दोषामुळे मूल होईना. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ गेलं, तिनदा झालेल्यांत ४० टक्क्यांवर. दर वेळी दुप्पट. याच गटाच्या माहितीवरून १९९३मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. दुखणं सुरू झाल्यावर तीन दिवस किंवा जास्त उशिरा दवाखान्यात आलेल्यांना पुढे मूल न होण्याचा किंवा गर्भ नळीत रुजण्याचा धोका जवळपास तिप्पट होता. तीन दिवस. स्वॅबचा रिपोर्ट यायला कित्येकदा तेवढेच लागतात.

हेच आकडे उलटेही वाचावेत. एकदा संसर्ग झालेल्या शंभरातल्या सुमारे ब्याण्णव जणींना ही अडचण आली नाही.

तीन औषधं, तीन कामं

नेमके जंतू कोण हे ठाऊक नसल्याने औषधांचं जाळं मुद्दाम मोठं टाकतात. सीडीसीच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार घरी राहून घ्यायचा नेहमीचा उपचार असा: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५०० मिलिग्रॅम, स्नायूत एकच इंजेक्शन. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तेही १४ दिवस. इंजेक्शन गोनोरियासाठी आणि आतड्यांतल्या काही जंतूंसाठी. डॉक्सीसायक्लिन मुख्यतः क्लॅमिडियासाठी, कारण पेशीच्या आत लपलेल्याला गाठायला आत शिरणारं औषध लागतं. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्यांसाठी. वजन, अ‍ॅलर्जी, गरोदरपण, त्या भागातले जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत यांनुसार डॉक्टर यात फेरफार करतात.

घरातली जुनी चिठ्ठी काढून दुकानातून गोळ्या आणणं इथे खास धोक्याचं आहे. एके काळी याच आजाराला सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या. गोनोरियाचे जंतू त्यांना इतके निर्ढावले की २००७मध्ये सीडीसीने त्या नेहमीच्या यादीतून काढून टाकल्या. जुनी चिठ्ठी म्हणजे जुन्या कुलपाची किल्ली.

गोळ्या घेताना सांभाळायच्या गोष्टी चिठ्ठीवर मावत नाहीत. डॉक्सीसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळीत जखम करते. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर नीट शोषली जात नाही, मध्ये काही तासांचं अंतर हवं. या दिवसांत कडक उन्हाने त्वचा लवकर भाजते. गरोदर असल्यास ही गोळी देत नाहीत. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ही चव नकोशी होते, आणि नेमकं तेव्हाच दुखणंही थांबलेलं असतं. पाकिटात उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात त्या त्याच दिवशी. दुखणं थांबलं म्हणजे सूज उतरली. जंतू संपले असा त्याचा अर्थ नाही. मळमळ फारच असेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा, मळमळीवर औषध असतं.

तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत, स्पष्ट उतार पडायला हवा. नाही पडला तर निदान किंवा उपचार यांपैकी काहीतरी चुकतंय. नळी आणि अंडाशय मिळून पूचा गोळा झाला असू शकतो, किंवा आजारच दुसरा असू शकतो. गरोदरपण, खूप ताप, उलट्यांमुळे गोळ्या पोटात न टिकणं, पूचा गोळा, अपेंडिक्सची शंका असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषधं देतात. गोळा औषधाने विरघळला नाही तर सोनोग्राफीत बघत सुईने पू काढता येतो. अचानक एका बाजूला असह्य कळ, चक्कर येऊन पडणं, थंडी वाजून ताप, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नये.

कॉपर-टी असेल तर लगेच काढावी लागत नाही. ती तशीच ठेवून उपचार करतात आणि दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर काढायचा विचार होतो. कॉपर-टीने संसर्ग होतो ही भीती बरीचशी एका जुन्या उपकरणाची देणगी आहे. डाल्कन शील्ड नावाचं एक साधन १९७१मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. त्याचा दोरा एकसंध नव्हता, एका आवरणात शेकडो बारीक तंतू होते. दिव्याची वात जसं तेल वर खेचते तसे ते जंतू वर खेचत. १९७४मध्ये त्याची विक्री थांबली, पण बदनामी सगळ्याच साधनांच्या वाट्याला आली. आजच्या साधनांचा दोरा एकपदरी असतो, आणि संसर्गाचा वाढीव धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या साधारण तीन आठवड्यांपुरताच असतो.

जोडीदाराचं काय

बहुतेक वेळा उपचार फसतो तो इथे. लक्षणं सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांत ज्याच्याशी संबंध आला, त्याचीही तपासणी आणि गोनोरिया-क्लॅमिडियावरचा उपचार व्हायला हवा, त्याला काहीही त्रास नसला तरी आणि बाईच्या रिपोर्टमध्ये काहीच सापडलं नसलं तरी. दोघांचीही औषधं पूर्ण होऊन त्रास जाईपर्यंत संबंध नकोत. नाहीतर ती बरी होते, त्याच्याकडून पुन्हा घेते, आणि लुंडच्या आकड्यांत एक पायरी वर चढते. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करतात, ती याच धास्तीने.

कंडोमने हे जंतू बरेच अडतात. आतून पाण्याने किंवा सुवासिक द्रावणाने धुण्याने उलट नुकसान होतं, पहारा आपल्याच हाताने उठतो. आणि क्लॅमिडियाची चाचणी त्रास नसताना करून घेण्यात अर्थ आहे. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात जास्त धोका असलेल्या तरुण स्त्रियांना चाचणी आणि उपचार देऊ केले, तेव्हा वर्षभरात त्यांच्यात पीआयडीचं प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी झालं. पंचविशीच्या आतल्या, संबंध असलेल्या मुलींनी दर वर्षी ही चाचणी करावी असं सीडीसी म्हणते. लघवीच्या किंवा स्वतःच घेतलेल्या स्वॅबच्या नमुन्यावर ती होते.

संसर्ग गेल्यानंतरही काही जणींचं ओटीपोट महिनोन्‌महिने दुखत राहतं. दर वेळी तो नवा संसर्गच असतो असं नाही. आत झालेली चिकटण, ताणलेले स्नायू, हळवे झालेले मज्जातंतू ही कारणं असतात, किंवा मुळात एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, असतो. अशा दुखण्याला पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक देत राहणं चूक, आणि "वारंवार सूज येते, पिशवीच काढून टाकू" हा सल्ला त्याहून मोठी चूक असू शकते. पिशवी काढणं हा पीआयडीचा नेहमीचा उपचार नाही. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. पुढे दिवस राहिले तर मात्र पहिल्याच भेटीत जुना संसर्ग सांगावा, म्हणजे गर्भ योग्य जागी रुजलाय का हे लवकर सोनोग्राफी करून बघतील.

मैत्रिणीचा रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. गोनोरिया निगेटिव्ह, क्लॅमिडिया निगेटिव्ह. लगेच मेसेज: "काहीच नाही निघालं. आता बंद करू ना?" मी विचारलं, दुखणं कसंय? म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून जवळजवळ नाहीच. मग फोन लावला आणि खालचा स्वॅब, वरची नळी हे सगळं पुन्हा एकदा सांगितलं. औषध लागू पडलंय, म्हणजे मारण्यासारखं काहीतरी तिथे होतं असं समज, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस, म्हटलं. तिने विचारलं, त्यांनीही चौदा दिवस पूर्ण कर म्हणून सांगितलं, तेव्हा ती राजी झाली.

"आणि ते गेले का तपासायला?" मी विचारलं.

"ते म्हणतात, मला काय झालंय?"

म्हटलं, फोन दे त्यांच्याकडे.